तुम्ही विचारलंत म्हणून: मी पोरांची उंची का मोजते

"ताई, पोरं खो-खो शिकायला पाठवलीत, तुम्ही उंची कसली मोजत बसता?" दर आठवड्याला गेटवर कुणीतरी विचारतंच. मागोमाग दुसरा प्रश्न, आमच्याला मॅचला का नाही घेतलं, चांगला पळतो की. एकदाच लिहून टाकते, यापुढे विचारलंत तर हेच वाचायला देईन.

माझ्याकडे किशोर गटात एक पोरगा होता, तेराचा. वर्षभरात नऊ सेंटीमीटर वाढला, पण हा हिशोब मी नंतर केला, तेव्हा मला फक्त एवढं दिसायचं की गेल्या वर्षी खो मिळाल्या मिळाल्या सुटणारा पोरगा आता पाटीवरून उठायलाच वेळ लावतोय. खांबाजवळ सूर मारला की अंदाज चुकायचा, पाय पायात यायचे. मला वाटलं शिंगं फुटलीत, लक्ष नाही. एका संध्याकाळी सगळ्यांसमोर म्हटलं, घे पन्नास बेडूकउड्या. त्याने घेतल्या. तिसाच्या पुढे तो खाली बघूनच मारत होता, मी मोठ्याने आकडे मोजत होते, बाकीची पोरं हसत होती आणि मी त्यांना गप्प केलं नाही. पन्नास पूर्ण झाल्यावर तो पाणी प्यायला गेला नाही, तिथेच मातीत पाय लांब करून बसला.

दुसऱ्या दिवशी त्याची आई स्कूटीवर त्याला घेऊन आली. भांडली नाही. पॅन्ट वर करून दाखवली फक्त. गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीवर, गोटीएवढा टणक उंचवटा, बोट लावलं तर पोरगा कळवळला. म्हणाली, महिनाभर शाळेत मांडी घालून बसता येत नाही त्याला, तुम्हाला सांगायला घाबरत होता.

डॉक्टरांनी नाव सांगितलं, ऑसगुड-श्लाटर. या वयात हाड भराभर लांब होतं, मांडीचा स्नायू मागे राहतो, आणि तो नडगीला जिथे धरलेला असतो तिथलं हाड अजून कच्चं असतं. उडी मारली, उकिडवं बसून झटकन उठलं की तिथेच ओढ बसते. आता आमचा खेळ बघा. आठ जण पाटीवर उकिडवे, सात मिनिटांचा डाव, आणि खो मिळाला की उठून पळ. वर माझ्या बेडूकउड्या.

म्हणून मोजते. स्टोअररूमच्या भिंतीवर पेन्सिलच्या खुणा आहेत, दोन महिन्यांत दीड सेंटीमीटरच्या वर गेलं की त्या पोराचं खांबावरचं काम आणि उड्या कमी. हा नियम माझाच आहे, पुस्तकातला नाही. बसवून ठेवत नाही हो कुणाला! पोहायला पाठवते, एका पायावर तोल, उडीनंतर नीट उतरणं, मांडीचं स्ट्रेचिंग, हे चालूच असतं. मुलींची ही वाढ साधारण बाराव्या वर्षी जोरात असते, मुलांची चौदाच्या आसपास, आणि गट मात्र पडतो जन्मतारखेवर, त्यामुळे एकाच टीममध्ये एकाला मिसरूड फुटलेली आणि दुसरा चौथीतला वाटतो. दोघांना सारखंच पळवायचं?

"आम्ही नाही का खेळलो असेच" असं म्हणणारे बाबा असतात. मीही हेच म्हणायचे. आमच्या सरांनी आम्हाला याहून जास्त बेडूकउड्या मारायला लावल्यात आणि आमचं काही बिघडलं नाही. म्हणजे माझं नाही बिघडलं. मधेच खेळ सोडून गेलेल्या पोरींना कोण विचारायला गेलं?

पण माझंच बरोबर असंही नाही. एका मुलीला मी चार महिने सूर मारू दिला नाही, तिच्या वडिलांनी तिला दुसऱ्या क्लबात नेलं आणि त्याच वर्षी ती राज्याच्या टीमला गेली, ठणठणीत. क्रीडा गुणांची चिंता मला कळते, उगीच आव आणत नाही. ती माझ्याकडे असती तर गेली असती का, हा विचार रात्री येतो अजून.

तो पोरगा आता वीसचा आहे. वाढ थांबल्यावर दुखणं गेलं, उंचवटा राहिला. उन्हाळी शिबिरात मला मदत करतो. गेल्या आठवड्यात त्याने उशिरा आलेल्या एका पोराला बेडूकउड्या मारायला लावल्या. मी धावत जाऊन थांबवलं, झापलं त्याला. तो हसून म्हणाला, "ताई, मी पण मारल्याच होत्या की."