आमची वाटचाल : उतरत्या भट्टीची राखण

मँगनीज-झिंक फेराइटचा कोअर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यात बसणारा चुंबकीय सिरॅमिक गाभा, १३०० अंश सेल्सिअसवर तयार होतो आणि भट्टी थंड होत खाली उतरताना बिघडतो. मिक्सिंग, कॅल्सिनिंग, स्प्रे ड्रायर, प्रेस, ग्राइंडिंग यांत आमचा हात पहिल्या दोन वर्षांतच बसला होता. भट्टी चढवायलाही फार काळ लागला नाही. ती उतरवायला शिकण्यात मात्र सहा वर्षं गेली, आणि त्यातल्या एका वर्षी कारखान्याला कुलूप लागायचीच वेळ आली होती.

आमचा माल पॉवर ग्रेडचा, म्हणजे पॉवर सप्लायच्या ट्रान्सफॉर्मरसाठीचा. लोह ऑक्साइड ५३ मोल टक्क्यांच्या आसपास, उरलेल्यात मँगनीज मोठा आणि झिंक दहा-अकरा. पन्नासच्या वरचं जे लोह, ते फेरस (दोन भाराच्या) रूपात स्पिनेलमध्ये, म्हणजे फेराइटच्या स्फटिकात बसतं, आणि कोअरचा लॉस (उष्णतेत वाया जाणारी वीज) कुठल्या तापमानाला सगळ्यात कमी येणार हे तेच ठरवतं. फेरस कमी पडलं तर तो तळ वरच्या तापमानाकडे सरकतो. जास्त झालं तर तळ खाली सरकतो, शिवाय विद्युतरोध पडतो आणि एडी करंट (कोअरमध्येच फिरून तो तापवणारे प्रवाह) वाढतात. मिक्सिंगच्या वेळी तराजू कितीही काटेकोर ठेवला तरी फेरसचा शेवटचा हिशेब भट्टीतला ऑक्सिजनच करतो.

हा हिशेब मोरिनो आणि पॉल्यूस यांनी १९७५ साली मांडला. ऑक्सिजनच्या आंशिक दाबाचा लॉगॅरिदम म्हणजे एका स्थिरांकातून १४५४० भागिले केल्विनमधलं तापमान वजा. स्थिरांक मालाप्रमाणे बदलतो, आम्ही ७.९ धरतो. त्यावरून १३०० अंशांना साडेचार टक्के ऑक्सिजन निघतो, १२०० ला १.१ टक्के, ११०० ला ०.२ टक्के, १००० ला ३०० पीपीएम (दशलक्षात ३०० भाग), ९५० ला १०० पीपीएम आणि ९०० ला जेमतेम ३२. एवढ्या चारशे अंशांत ऑक्सिजन हजारपटीहून जास्त खाली आणायचा. या आकड्यांच्या रेषेच्या वर राहिलात तर फेरसचं फेरिक (तीन भाराचं) होतं आणि पुढे स्पिनेलमधून हेमॅटाइट (तांबूस लोह ऑक्साइड) वेगळं पडतं. खाली गेलात तर फेरस फुगतं.

मग सुरुवातीपासूनच ऑक्सिजन कमी का ठेवू नये, असं नवी माणसं विचारतात. वरच्या तापमानाला ऑक्सिजन कमी असेल तर झिंक ऑक्साइड फुटून झिंक धातूची वाफ उडते. कोअरच्या कातडीतलं झिंक जातं, आतलं राहतं, आणि त्या ताणाने पृष्ठभागावर केसासारख्या चिरा पडतात. म्हणून सोकला (वरच्या तापमानाला माल धरून ठेवतो तेव्हा) भरपूर ऑक्सिजन, उतरताना झपाट्याने कमी.

आता त्या वर्षाबद्दल. तोवर आम्ही द्रवरूप नायट्रोजन टाकीतून व्हेपोरायझरमार्गे घेत होतो. वायूचं बिल मालाच्या किमतीत बोचत होतं, आणि आयात कोअर विकणारा एक व्यापारी आमच्याच गिऱ्हाइकांना आमच्यापेक्षा कमी दर देत होता. एका विक्रेत्याने हवेतला ऑक्सिजन दाबाखाली शोषून जागेवरच नायट्रोजन बनवणारा पीएसए प्लँट दाखवला. शुद्धता ९९.९९ टक्के, कागद हातात. फेराइटला चालेल का, या प्रश्नाला तोंडी उत्तर मिळालं, "बिनधास्त चालवा."

चाचणीच्या दोन्ही भट्ट्या अर्ध्या भरलेल्या होत्या आणि माल छान निघाला. प्लँट घेतला. पूर्ण भरलेल्या पहिल्या भट्टीपासून मालाचा दर्जा घसरला. ई-कोअर (E अक्षराच्या आकाराचा) मोडून पाहिला की आतला भाग करडा-काळा, लखलखीत. बाहेर मिलिमीटरभर कडा निस्तेज, उजेडात तांबूस. मधल्या पायाच्या कोपऱ्यांना चिरा. नाण्याने टोकल्यावर टणकार नाही, भद्द आवाज. १०० किलोहर्ट्झ, २०० मिलिटेस्ला, १०० अंशांवर घनमीटरला ४०० किलोवॅटच्या आसपास येणारा लॉस कुठल्याच लॉटमध्ये सापडेना.

पावडर बदलली, बाइंडर (पावडर धरून ठेवणारा चिकटा) बदलला, सोक लांबवला. काही उपयोग झाला नाही. कारण दोन ठिकाणी होतं. पीएसए प्लँटमधून ठरल्यापेक्षा जास्त वायू ओढला की शुद्धता घसरते. भट्टी पूर्ण भरली की आम्ही प्रवाह वाढवत होतो, आणि ९९.९९ चं ९९.९ होत होतं. म्हणजे १०० पीपीएमऐवजी १०००. रेषेवर १००० पीपीएम १०६० अंशांना येतात. तिथून पुढे खाली येईपर्यंत तासन्‌तास आमचा माल जास्त ऑक्सिजनमध्ये भाजत होता. दुसरं कारण पॅनेलवर. आमचा ऑक्सिजन मोजणारा पॅरामॅग्नेटिक अॅनालायझर ० ते २५ टक्क्यांचा, दशांशानंतर एकच आकडा दाखवणारा. १००० पीपीएम त्याच्यावर ०.१ दिसतात, आणि ०.१ ला आम्ही शून्य समजत होतो.

विक्रेत्याने हात झटकले. कागदावर शुद्धता बरोबर होती, तोंडचा शब्द कागदावर नव्हता. ते पैसे परत आले नाहीत आणि ती गोष्ट आजही खुपते. त्या व्यापाऱ्याने आमच्या चिरलेल्या कोअरचे फोटो बाजारात फिरवले, तेही विसरता येत नाही. आमच्याकडून मोठे लॉट घेणारे तिघे त्याच महिन्यात तुटले.

टिकले ते पुण्याजवळच्या भोसरीतले ट्रान्सफॉर्मर गुंडाळणारे काका. आमच्या पहिल्या टोरॉइडपासूनचे (कड्याच्या आकाराच्या कोअरपासूनचे) गिऱ्हाईक. त्यांनी माल परत केला, पण प्रत्येक कोअरवर खडूने खूण करून: कुठला पाय, कुठला कोपरा, किती अंशाला तापला. त्या खुणांमुळेच कळलं की रॅकच्या बाहेरच्या रांगेतला माल जास्त खराब आहे आणि मधला बरा. म्हणजे दोष वायूत आहे, पावडरीत नाही. पुढचे चार महिने त्यांनी ऑर्डर थांबवली नाही, फक्त लॉट लहान केला.

पीएसए प्लँट आम्ही विकला नाही. ११०० अंशांच्या वर रेषेला ऑक्सिजन टक्क्यांच्या हिशेबातच लागतो, तिथे त्याचा वायू हवेत मिसळून अगदी योग्य बसतो. ११०० ला व्हॉल्व्ह बदलतो आणि पुढे द्रवरूप नायट्रोजन. ९०० च्या खाली रेषा पाळणं कुणालाच जमत नाही, ८०० अंशांना ती २ पीपीएमच मागते. पण तिथे लोह हलायलाच मंद होतं. शुद्ध वायूत, चिरणार नाही इतक्या वेगाने उतरवायचं आणि दीडशेच्या खाली आल्याशिवाय दार उघडायचं नाही.

नवीन युनिट टाकणाऱ्यांना एवढं सांगतो. दुसरा प्रेस घेण्याआधी भट्टीतला ऑक्सिजन मोजणारा झिर्कोनिया प्रोब घ्या. तो मिलिव्होल्टमध्ये बोलतो आणि त्याचं स्वतःचं तापमान माहीत नसेल तर आकड्याला अर्थ नाही; प्रोब १००० अंशांवर असताना ३०० पीपीएम म्हणजे साधारण १८० मिलिव्होल्ट. बाइंडर जळत असताना त्याच्यावर विश्वास ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइड प्रोबवरच जळतो आणि ऑक्सिजन आहे त्यापेक्षा कमी दिसतो. पीव्हीए, म्हणजे आमचा बाइंडर, ५०० अंशांच्या आत हवेतच पूर्ण जाळून टाका.

गळती भट्टी गार असताना शोधा. चेंबरला पाण्याच्या ५० मिलिमीटरचा दाब द्या, व्हॉल्व्ह बंद करा, यू-ट्यूबकडे दहा मिनिटं बघत बसा. गळती दाराच्या गॅस्केटला असेल असं सगळ्यांना वाटतं. आम्हाला ती बहुतेक वेळा हीटरच्या टर्मिनलपाशी आणि थर्मोकपलच्या भोकात सापडली. चालू भट्टीत आत ३ ते ५ मिलिमीटर जादा दाब असू द्या. एक्झॉस्टचा पंखा जोरात लावला की भट्टी बाहेरची हवा ओढते आणि मग टाकीतला वायू कितीही शुद्ध असो. आणि कोअर थेट अॅल्युमिनाच्या सेटरवर (भट्टीत माल मांडायच्या फरशीवर) ठेवू नका, अॅल्युमिना खालच्या बाजूला शिरतो. झिर्कोनियाचा थर द्या, किंवा त्याच मालाची फेराइटची पाटी खाली घाला. तिचा फायदा असा की झिंकची वाफही तीच थोडी पुरवते.

आज प्रत्येक लॉटच्या खोक्यात तीन गोष्टी जातात: त्या भट्टीचा उतरतीचा आलेख, म्हणजे तापमान आणि ऑक्सिजन एकाच कागदावर, २५ आणि १०० अंशांचा लॉस, आणि रॅकच्या बाहेरच्या रांगेतला एक मोडलेला कोअर, कडा बघण्यासाठी. मोडलेला तुकडा घालायची सूचना काकांची. त्यांच्या खोक्यात आम्ही दोन घालतो, कारण एक ते गुंडाळणाऱ्या मुलांना दाखवायला ठेवून घेतात.