रेडिओवर फिगारो आणि अर्नेस्ट: माझा अनुभव

आमच्या छोट्या रेडिओ केंद्रावर मी हौसेने कार्यक्रम करतो. ऑपेरा आणि जुनं विनोदी नाटक अशी जोडमालिका करायची ठरली आणि ती माझ्या गळ्यात पडली. संगीतकार मोत्सार्टचा ऑपेरा ‘द मॅरेज ऑफ फिगारो’ (१७८६) आणि ऑस्कर वाइल्डचं नाटक ‘द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट’ (१८९५) निवडलं.

पहिली अडचण हक्कांची. मोत्सार्ट १७९१ मध्येच गेला, त्यामुळे संगीत सगळ्यांचं. ध्वनिमुद्रण मात्र ते करणाऱ्यांचं. वादक, गायक, कंपनी यांची परवानगी वेगळी घ्यावी लागते. पत्रव्यवहार कंटाळवाणा होता, त्याबद्दल एवढंच पुरे.

खरा घाम लेव्हलने, म्हणजे आवाजाच्या पातळीने काढला. १९१० साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरातून रेडिओ-संशोधक ली डी फॉरेस्टने प्रसिद्ध गायक कारुसोचं गाणं प्रक्षेपित केलं, तेव्हा ऐकणाऱ्यांच्या वाट्याला मुख्यतः खरखर आली होती. आता साधनं भरपूर, पण तीच नडतात. ‘फिगारो’च्या दुसऱ्या अंकात बंद खोलीतून दासी सुझाना बाहेर येते, सगळे थिजतात, व्हायोलिनं अगदी हळू वाजू लागतात. चाचणीत आमच्या यंत्रणेला वाटलं, प्रसारणच बंद पडलं. तिने आपणहून राखीव संगीत सुरू केलं! कॉम्प्रेसर (आवाजातला चढउतार कमी करणारं यंत्र) जोरात लावला तर हळू आणि मोठं सारखंच ऐकू येऊ लागलं, मग ऑपेरा ऐकायचा कशाला? शेवटी यंत्रणेची शांततेची मुदत वाढवून घेतली आणि अशा जागी फेडरवर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या बटणावर) हात ठेवून बसलो.

त्याच अंकाचा शेवट साधारण वीस मिनिटं सलग चालतो. काउंट आणि त्याच्या बायकोच्या भांडणापासून सुरू होऊन शेवटी सात जण एकदम गातात. मध्ये बातम्या घालायच्या कुठे? वरिष्ठांशी हुज्जत घालून त्या पुढे ढकलल्या.

निवेदनात सगळं आधीच सांगून टाकलं. पहिल्या अंकात केरुबिनो हा पोरगा काउंटपासून खुर्चीमागे लपतो. मग काउंट तिथेच लपायला येतो आणि पोरगा हळूच पुढे येऊन खुर्चीत बसतो. हे माहीत असेल तरच त्यानंतरचं गाणं रंगतं. ऑपेरात गोष्ट आधी फोडली तरी काही बिघडत नाही, असं माझं ठाम मत झालंय.

नाटकात हेच केलं असतं तर वाट लागली असती. भाऊ वारल्याची थाप मारायला नायक जॅक काळ्या सुतकी पोशाखात येतो, आणि तो ‘मेलेला’ भाऊ म्हणून त्याचा मित्र ॲल्जर्नन आधीच घरात हजर! रंगमंचावर जॅक दिसताक्षणी हशा पिकतो. रेडिओवर पोशाख दिसणार कसा? निवेदकाकडून सांगून पाहिलं. ऐकणाऱ्यांपैकी कुणी हसलं नाही. संहितेत धर्मोपदेशक थोड्या वेळाने त्या कपड्यांबद्दल विचारतो. स्टुडिओत आमच्या नटांकडून करून घेताना ते वाक्य जॅकच्या पावलांच्या आवाजाला लागूनच आणलं आणि काम झालं.

जॅक आणि ॲल्जर्ननचं मफिनवरून भांडण होतं तिथे नटांना खरंच खायला लावलं. भरल्या तोंडाने बोललेले शब्द मात्र अजिबात कळेनात. मग संवाद रिकाम्या तोंडाने घेतले आणि चावण्याचे आवाज नंतर जोडले. चावायला टोस्ट वापरले, मफिनचा आवाजच येत नाही.