एमसीसीची वही : महिना चौथा

वही सुरू केली ती एका खटक्यामुळे. माझ्या कार्डावर किराण्याला जादा पॉइंट आहेत. एका आठवड्यात ते मिळाले, पुढच्या आठवड्यात त्याच जिनसांवर मिळाले नाहीत. दुकान वेगळं होतं, एवढाच फरक. तेव्हापासून प्रत्येक स्वाइपची नोंद ठेवते आहे. या महिन्यात मात्र वहीचे रकानेच बदलावे लागले. का, ते सांगते.

नव्याने आलेल्यांसाठी आधी थोडक्यात. आपल्या साध्या कार्डाच्या व्यवहारात आपण साबण घेतला की सायकल, हे कार्ड देणाऱ्या बँकेला दिसत नाही. तिच्यापर्यंत पोचते रक्कम, वेळ, दुकानाची ओळख आणि चार आकडी मर्चंट कॅटेगरी कोड, म्हणजे एमसीसी. कोडांची यादी आयएसओ १८२४५ या मानकात आहे. ते पहिल्यांदा २००३ मध्ये आलं. ५४११ सुपरमार्केट, ५८१२ रेस्टॉरंट, ५९१२ औषधं, ५९४२ पुस्तकं. कोणता कोड लावायचा हे दुकानदाराची बँक ठरवते, त्याचं कार्डाचं खातं उघडताना, मुख्य धंदा पाहून. आपली बँक तो वाचते आणि त्यावर पॉइंट देते.

हे सगळं मला पहिल्या महिन्यातच माहीत होतं. तरीही माझ्या नोंदी एकमेकींशी भांडत होत्या, कारण मी कोडासमोर दुकानाचं नाव लिहीत होते.

भांडण मिटलं ते एका डिपार्टमेंट स्टोअरमध्ये. वरच्या मजल्यावर कपडे घेतले, तळघरात किराणा, दाराजवळच्या काउंटरवर औषधं. अ‍ॅपमध्ये तिन्ही व्यवहारांवर नाव एकच. कोड मात्र ५३११ (डिपार्टमेंट स्टोअर), ५४११ आणि ५९१२. घरी तिन्ही चार्ज स्लिपा शेजारी शेजारी ठेवल्या आणि रकमेच्या वरच्या त्या बारीक ओळी पहिल्यांदाच नीट वाचल्या. टीआयडी म्हणजे मशीनचा नंबर, तो तीन काउंटरवर वेगळा असणारच. पण एमआयडी, म्हणजे व्यापाऱ्याच्या खात्याचा नंबर, तोही तिन्हींवर वेगळा! एका छपराखाली तीन खाती, म्हणून तीन कोड. पुढच्या वेळी मुद्दाम तळघरातच टॉवेल घेतला. ५४११ लागला आणि किराण्याचे पॉइंट जमा झाले.

स्वाइप केल्यावर आपल्या बँकेकडे मंजुरीसाठी जो संदेश जातो, त्याची रचना पाहिली की हे चटकन पटतं. अशा संदेशांचं मानक आयएसओ ८५८३, त्यात रकाना १८ हा कोडाचा, ४१ मशीनचा, ४२ व्यापारी-खात्याचा, आणि ४३ नाव-गावाचा. त्या ४३ मध्ये नाव, शहर, देश मिळून जेमतेम ४० अक्षरं बसतात, म्हणून तर स्टेटमेंटवर नावं अर्धवट तुटलेली दिसतात. अशा तुटक्या नावावर मी तीन महिने विसंबून होते. आता वहीचा पहिला रकाना एमआयडी. स्लिपेचा फोटो तिथल्या तिथे काढते, कारण त्या कागदावरची छपाई काही महिन्यांत उडते. वेबसाइटवरच्या खरेदीत स्लिप नसते, तिथे स्टेटमेंटवरची पूर्ण ओळ जशीच्या तशी उतरवते. त्या ओळीत मध्ये तारांकन असेल तर आधीचा भाग पैसे गोळा करणाऱ्या मधल्या कंपनीचा आणि नंतरचा विक्रेत्याचा, हे बहुतेक वेळा जुळतं.

दुसरा बदल म्हणजे कोडाला आता दोन रकाने, ‘मंजुरी’ आणि ‘जमा’. एका नोंदीत पेंडिंग असताना दिसलेला कोड दोन दिवसांनी व्यवहार पक्का झाल्यावर बदलला. हिशेब चुकता करण्याचा संदेश वेगळा जातो आणि त्यात कोड पुन्हा येतो (मास्टरकार्डच्या संदेशात तो रकाना २६ मध्ये असतो). पॉइंट साधारणपणे पक्क्या झालेल्या व्यवहारावर मिळतात, तेव्हा पेंडिंग पाहून निष्कर्ष काढू नका.

अ‍ॅपमधल्या रंगीत गोल चकतीवर तर मुळीच विसंबू नका, हे कळकळीने सांगते. ‘प्रवास’, ‘करमणूक’, ‘आरोग्य’ ही तिथली नावं बँकेने स्वतःच्या सोयीने पाडलेले गट असतात. अनेक कोड एका गटात कोंबलेले असतात, आणि काही अ‍ॅपमध्ये तो गट आपल्याला हाताने बदलताही येतो. आपण बदलला म्हणून पॉइंट बदलत नाहीत. खरा आकडा हवा तर व्यवहाराचा तपशील उघडून बघा, नाहीतर स्टेटमेंट ओएफएक्स फाइलमध्ये (हिशेबाच्या सॉफ्टवेअरला वाचता येतो असा प्रकार) उतरवा. त्यात एसआयसी नावाचा टॅग असतो; बँकेने तो भरला असेल तर तिथे चार आकडे सापडतात. माझ्या दोन कार्डांपैकी एकाच्या फाइलमध्ये सापडले. दुसऱ्यासाठी कस्टमर केअरला फोन करते. तिथे ‘पॉइंट का नाही मिळाले’ असं विचारलं की तक्रार नोंदवली जाते आणि आठवडा जातो. ‘अमुक तारखेच्या व्यवहाराचा मर्चंट कॅटेगरी कोड वाचून दाखवा’ असं म्हटलं की बहुतेक वेळा दोन मिनिटांत काम होतं.

खरेदी न करता कोड काढायची युक्ती पुष्कळांनी विचारली होती. कार्ड अ‍ॅपमधून तात्पुरतं गोठवायचं आणि पैसे भरायचा प्रयत्न करायचा. व्यवहार नाकारला जातो, पण नाकारल्याच्या सूचनेत काही अ‍ॅप कोड किंवा निदान प्रकार दाखवतात. चालते युक्ती. मात्र मी एका दुपारी लागोपाठ चार ठिकाणी ती केली आणि बँकेने फसवणुकीच्या संशयावरून कार्डच बंद केलं. नवीन येईपर्यंत वही थांबली. आता दिवसातून एकदाच करते, काउंटर रिकामा असताना आणि आधी विचारून.

किरकोळ भर: पेट्रोल पंपावर मशीनशीच पैसे भरले तर ५५४२, आत जाऊन भरले तर ५५४१. हॉटेलची खोली थेट घेतली तर ७०११ किंवा मोठ्या साखळीचा स्वतःचा ३५०० च्या पुढचा कोड, एजंटकडून घेतली तर ४७२२. वॉलेट भरणं ६५४०. ६०५१, म्हणजे रोखीसारखे व्यवहार, दिसला तर जपून, अनेक बँका तो रोख उचलल्यासारखा धरतात आणि व्याज त्याच दिवसापासून लावतात.

आणि या महिन्यातली सगळ्यात आवडती नोंद. वह्या-पेनांच्या एका दुकानाला ७३९९, म्हणजे इतर व्यावसायिक सेवा, हा कोड होता. माझ्या बँकेला तो बदलता येत नाही. मालकांना स्लिप दाखवून सांगितलं, त्यांना अशी काही गोष्ट असते हेच ठाऊक नव्हतं. त्यांनी स्वतःच्या बँकेला अर्ज केला. परवा तिथून पेनाची रिफिल घेतली. एमआयडी तोच, कोड ५९४३. लेखनसाहित्य.

पुढच्या महिन्यात संग्रहालयातलं तिकीट, तिथलं भेटवस्तूंचं दुकान आणि उपाहारगृह, तिन्हींच्या स्लिपा गोळा करते आहे. तिकिटाची आली आहे, ७९९१, म्हणजे पर्यटनस्थळं आणि प्रदर्शनं. कोणाकडे हॉस्पिटलच्या आतल्या औषध-काउंटरची नोंद असेल तर एमआयडीचे शेवटचे चार आकडे आणि कोड कळवा. माझ्याकडच्या दोन नोंदींत एक ५९१२ आहे, एक ८०६२, म्हणजे हॉस्पिटलचा.