एका खिळ्यावरची दोन कॅलेंडरं

आमच्या उत्तनच्या घरात, दाराच्या आतल्या बाजूला, एकाच खिळ्यावर दोन कॅलेंडरं टांगलेली असतात. एक चर्चचं, एक कालनिर्णय. चर्चचं कॅलेंडर आईचं. कुठला सण, कुणाची नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना), राखेचा बुधवार कधी, हे ती त्यात बघते. कालनिर्णय पप्पांचं. ते त्यात फक्त तिथी बघतात. लहानपणी मला वाटायचं की तिथी ही दर्याची गोष्ट आहे. ती पूजेअर्चेसाठीही लागते हे मला भाईंदरच्या शाळेत गेल्यावर मैत्रिणींकडून कळलं.

आम्ही ख्रिस्ती कोळी. चर्चचं नाव अवर लेडी ऑफ द सी, दर्याची माता. घरात एकादशीचा उपास कोणी करत नाही, पण एकादशी कधी आहे हे माझ्या आजीलाही विचारावं लागायचं नाही. कारण साधं आहे. भरती-ओहोटी चंद्रावर चालते आणि इंग्रजी तारखेला चंद्र कळत नाही. 14 तारीख म्हणजे पाणी भरलेलं की उतरलेलं, काही सांगता येत नाही. चतुर्थी म्हटलं की लगेच सांगता येतं.

त्याचा हिशोब पप्पांनी मला बोटांवर शिकवला. तिथीची पाऊणपट करायची, भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. दिवसाही तीच, रात्रीही साधारण तीच. थोडं मागेपुढे होतं, पण होडी काढायला तेवढं पुरतं. मला पाऊणकीचा पाढा शाळेत शिकवायच्या आधीच येत होता, तो असा.

आमच्याकडे डोल लावतात. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. डोल म्हणजे भलीमोठी कोनासारखी पिशवी. तोंड रुंद, शेपटाकडे निमुळती होत जाते, आस, म्हणजे जाळ्याची भोकं, तीही तोंडाशी मोठी आणि शेवटी अगदी बारीक. तिचं तोंड प्रवाहाकडे करून ती समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधतात. जाळं माशामागे जात नाही. पाणी वाहतं आणि बोंबील, जवळा, करंदी, मांदेली त्या पाण्याबरोबर आत येतात. पाणी थबकलं की डोल ओढून वर घ्यायची. म्हणजे सगळा खेळ प्रवाहाचा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी जोरात ओढतं, डोल भरते. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे उधाणाच्या उलट. पाणी मरगळतं, आणि मग किनाऱ्यावर बसून जाळी शिवायची. आमचा महिना असा दोनदा वर चढतो आणि दोनदा खाली उतरतो. आईच्या किराणामालाच्या वहीतसुद्धा तो चढउतार दिसतो.

माल किनाऱ्याला लागला की पुढचं काम बायकांचं. निवडायचा, ताजा विकायचा तो वेगळा काढायचा, उरलेला सुकवायचा. बोंबील वलांडीवर टांगतात. दोन बोंबील घेऊन एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी बांबूवरच्या दोरीवर टाकायची. आईचे हात हे इतक्या वेगाने करतात की मी चाळीस वर्षं बघतेय, तरी तिची गाठ मला पडत नाही. जवळा खाली पसरून सुकवायचा. पाऊस नको, बस्स. 2017च्या डिसेंबरात ओखी वादळाचा पाऊस आला तेव्हा वलांडीवरचा माल दोन दिवसांत सडला. आई त्या वर्षीच्या नाताळची गोष्ट कधी काढत नाही.

मला खरं सांगायचंय ते गुड फ्रायडेबद्दल.

ईस्टर दरवर्षी वेगळ्या तारखेला का येतो, हे मी आठवीत असताना फादरांना विचारलं होतं. त्यांनी सांगितलं, 21 मार्चला किंवा त्यानंतर जी पौर्णिमा येते, तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. मी धावत घरी आले आणि पप्पांना म्हटलं, ईस्टर पण तिथीवर असतो! पप्पांना ते आधीच माहीत होतं. नियम माहीत नव्हता, पण इतकी वर्षं त्यांना दिसत होतं की गुड फ्रायडेला पाणी बहुतेक उधाणाचं असतं.

हिशोब करून बघा. ईस्टरचा रविवार पौर्णिमेनंतर एक ते सात दिवसांत. म्हणजे त्याआधीचा शुक्रवार पौर्णिमेच्या आदल्या दिवसापासून फार तर पंचमीपर्यंत. अष्टमीची भांग त्या दिवशी येतच नाही. डोलवाल्यांसाठी पंधरवड्यातलं जे सगळ्यात चांगलं पाणी, त्यातच हा दिवस पडतो, आणि त्या दिवशी उत्तनची होडी पाण्यात जात नाही. आदल्या संध्याकाळीच सगळ्या किनाऱ्याला लागतात.

हे लिहिताना मला कालनिर्णयचं पान डोळ्यासमोर येतं. 2023मध्ये 6 एप्रिलच्या एकाच चौकटीत हनुमान जयंती होती आणि पवित्र गुरुवारही, म्हणजे गुड फ्रायडेचा आदला दिवस. यंदा, 2026मध्येही 2 एप्रिलला तसंच. चैत्री पौर्णिमा दोघांचीही. आमच्या पूर्वजांचं धर्मांतर पोर्तुगिजांच्या काळातलं. 1534मध्ये वसई आणि आजूबाजूचा मुलूख त्यांच्याकडे गेला, त्यानंतरचं. पोर्तुगीज इथे होते तेव्हाच, 1582मध्ये, पोप ग्रेगरी यांनी कॅलेंडर दुरुस्त केलं. कारण काय, तर ईस्टरची तारीख ऋतूपासून सरकत चालली होती. तिकडे रोममध्ये चंद्राचा आणि वसंताचा मेळ घालायची खटपट चालली होती आणि इकडे आमचे लोक त्याच चंद्रावर डोल लावत होते. नवा धर्म घेताना आमच्या लोकांना सगळं बदलावं लागलं असेल, नावं, सण, लग्नाच्या रीती. चंद्र मात्र बदलावा लागला नाही. मला याचा फार आधार वाटतो.

एक दिवस होडी बंद म्हणजे काय, हे बाहेरच्याला चटकन कळणार नाही. जूनजुलैचे 61 दिवस सरकारी बंदी असते, तेव्हा होड्या वर ओढलेल्याच असतात. 29 जूनला संत पीटरचा सण, कोळ्याच्या संताचा, तोही भर पावसात किनाऱ्यावर बसून साजरा करायचा. मे संपेपर्यंत जे मिळेल त्यावर पावसाळा काढायचा. आणि मार्च-एप्रिलमधलं उधाण म्हणजे त्या बेगमीतला मोठा वाटा. डिझेल, बर्फ, खलाशांचे पगार, कर्जाचा हप्ता यातलं काहीही गुड फ्रायडेला थांबत नाही. आता होडी माझा भाऊ बघतो. खलाशी बाहेरगावचे, त्यांतलं कोणीच ख्रिस्ती नाही. भाऊ त्यांना त्या दिवसाचेही पैसे देतो. हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. पप्पा द्यायचे, म्हणून तो देतो.

ज्या वर्षी मी बारावीला होते तेव्हा सलग दोन महिने धंदा पडला होता. त्या पवित्र गुरुवारी रात्री घरात आई-पप्पांची कुजबूज मी ऐकली. आई म्हणत होती, "कोण बघतंय? पहाटे जाऊन या." माझी आई, जी रोज रोझरी म्हटल्याशिवाय झोपत नाही, ती हे म्हणत होती. फीचे पैसे भरायचे होते. पप्पा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "दर्या बघतोय ना." सकाळी उठले तर होडी जागेवरच होती. फी आत्याने भरली.

गुड फ्रायडेला चर्चमध्ये घंटा वाजत नाही. गुरुवारच्या संध्याकाळपासून शनिवारच्या रात्रीपर्यंत घंटा मुकी, त्याऐवजी लाकडी फळी वाजवतात. मिसाही, म्हणजे चर्चमधली नेहमीची उपासनाही नसते. दुपारी तीनला प्रार्थना, दुःखसहनाचं वाचन, मग रांगेत जाऊन क्रुसाचं चुंबन. घरी त्या दिवशी फक्त पेज. आमच्याकडे उपवासकाळातल्या शुक्रवारी मटण-कोंबडी चालत नाही, मासळी चालते, पण या शुक्रवारी आई मासळीही शिजवत नाही. एरवी गावभर जो सुक्या बोंबलांचा वास असतो तो तेव्हाही असतोच, वलांडीवरचे कुठे जाणार? पेज पिताना तो वास येत राहतो.

पप्पा क्रुसाचं चुंबन घेऊन बाहेर आले की सरळ घरी यायचे नाहीत. आधी किनाऱ्यावर जाऊन पाच मिनिटं उभे राहायचे. मी त्यांचं बोट धरून उभी असायचे. ते पाण्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "बघ, कसं ओढतंय." हळहळ नसायची त्या आवाजात. स्वतःच्या हाताने कोणाला तरी काही दिलं आणि ते चांगलं होतं हे माहीत असलं की आवाज जसा लागतो, तसा लागायचा.

आता पप्पांचे गुडघे गेलेत. यंदा ते चर्चला आले नाहीत, टीव्हीवर प्रार्थना लावून बसले. मी ऑफिसला सुट्टी होती म्हणून बोरिवलीहून आले होते. प्रार्थना संपल्यावर त्यांच्यासारखीच किनाऱ्यावर गेले. होड्या ओळीने उभ्या होत्या, भावाचीही. पलीकडच्या होडीवर दोन खलाशी सावलीला झोपले होते. पाणी खडक उघडे टाकत झपाट्याने मागे चाललं होतं.

घरी आले तर पप्पा खाटेवर बसूनच विचारते झाले, "आज तिथ कंची?"

"प्रतिपदा, पप्पा. काल पौर्णिमा होती."

त्यांनी ओठ हलवले. पाऊण. मग म्हणाले, "पाऊण वाजता भरती. म्हणजे तू बाहेर पडलीस तेव्हा जोरात ओढत असेल."

"हो," मी म्हटलं, "फार जोरात."