देणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचा चेहरा

नाताळ जवळ आला की निनावी देणग्यांच्या बातम्या येऊ लागतात आणि त्या वाचताना माझे लक्ष हल्ली देणाऱ्यापेक्षा घेणाऱ्याकडे अधिक जाते. देणाऱ्याने नाव लपवले याचे सर्वांना कौतुक असते. मात्र ज्याला मिळाले त्याचे नाव, त्याच्यावर ओढवलेला प्रसंग आणि त्याच्या डोळ्यांतले पाणी त्याच बातमीत सविस्तर छापलेले असते. यात काही विसंगत आहे असे सहसा कुणाला वाटत नाही.

ज्यांच्यावरून सांताक्लॉजची कल्पना निघाली, त्या मायराच्या संत निकोलस यांच्या आख्यायिकेत हा तोल बरोबर सांभाळलेला आहे. तीन मुलींच्या हुंड्याची सोय नसलेल्या एका बापाच्या घरात त्यांनी रात्री खिडकीतून सोन्याच्या थैल्या टाकल्या. रात्रच निवडली, कारण दिवसाउजेडी मदत घेणे त्या बापाला अपमानाचे वाटले असते. अखेर बापाने पाळत ठेवून त्यांना गाठले, तेव्हा हे कुणाला सांगू नकोस, असे त्यांनी बजावले. कथा आपल्यापर्यंत पोहोचली, त्या अर्थी त्याने ते फारसे मनावर घेतलेले दिसत नाही.

महामंदीच्या काळात, डिसेंबर १९३३ मध्ये, अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या कँटन शहराच्या वृत्तपत्रात ‘बी. व्हर्डॉट’ या नावाने एक जाहिरात आली. अडचणीतील कुटुंबांनी आपली हकिगत पत्राने कळवावी, त्यांना नाताळासाठी पैसे पाठवले जातील, असे तिच्यात होते. आधी ७५ कुटुंबांना प्रत्येकी १० डॉलर द्यायचे ठरले होते. पण पत्रे इतकी आली की शेवटी १५० कुटुंबांना पाच-पाच डॉलरचे धनादेश गेले. हा दाता म्हणजे रुमानियातून आलेले, कपड्यांचे दुकान चालवणारे ज्यू व्यापारी सॅम्युएल स्टोन. ज्या सणाशी त्यांच्या धर्माचा संबंध नव्हता, त्या सणासाठी त्यांनी आपल्या तीन मुलींच्या नावांतून हे टोपणनाव घडवले होते. मला मात्र त्या जाहिरातीतले दुसरेच वचन मोलाचे वाटते : पत्र लिहिणाऱ्यांची नावे कधीही उघड केली जाणार नाहीत. पत्रे पाठवणाऱ्यांत एके काळी स्वतःचा भरभराटीचा धंदा असलेली माणसेही होती आणि मदतीच्या रांगेत परिचितांसमोर उभे राहणे त्यांना उपासमारीइतकेच जड गेले असते. ती पत्रे एका जुन्या बॅगेत स्टोन यांचे नातू टेड गप यांच्या हाती लागली, ती थेट २००८ साली.

तरीही तिथे मागावे लागलेच. मिसिसिपीतल्या ह्यूस्टन या गावी १९७१ मध्ये टेड हॉर्न या उपाहारगृहाच्या मालकाने तेवढाही प्रसंग येऊ दिला नाही. लॅरी स्टुअर्ट हा कफल्लक तरुण न्याहारी करून बसला होता आणि पाकीट हरवल्याचे सोंग करत होता. हॉर्न वाकले, खाली पडलेली सापडावी तशी २० डॉलरची नोट त्यांनी उचलली आणि ‘ही तुमचीच पडलेली दिसते’ अशा अर्थाचे काही बोलून त्याच्या हाती दिली. एक सोंग दुसऱ्या सोंगाने झाकले गेले आणि गरीब म्हणून कुणालाच कबुली द्यावी लागली नाही. पुढे श्रीमंत झालेल्या स्टुअर्टनी नाताळात अनोळखी लोकांना १०० डॉलरच्या नोटा वाटण्याचा परिपाठ कॅन्सस सिटीत आणि इतरत्र अनेक वर्षे चालवला आणि सुमारे १३ लाख डॉलर दिले. त्यांचे नाव २००६ मध्ये, कर्करोगाने त्यांना ग्रासल्यावर, जाहीर झाले. त्यांचे मन मोठे होते यात शंका नाही. पण त्यांच्याबरोबर अनेकदा वार्ताहर असत, आणि नाव गुप्त राहायचे ते स्टुअर्ट यांचे. हॉर्न यांची युक्ती मला म्हणूनच त्या लाखांहून सरस वाटते.

तिच्या जवळ जाणारा एकच प्रकार मला आढळला. अमेरिकेतील काही दुकानांत ‘लेअवे’ची सोय असे : वस्तू निवडून बाजूला ठेवायची, हप्त्याहप्त्याने पैसे भरायचे आणि पूर्ण रक्कम भरल्यावरच ती घरी न्यायची. नाताळापूर्वी मुलांची खेळणी अशी अडकलेली असत. डिसेंबर २०११ मध्ये के-मार्टच्या अनेक दुकानांत अनोळखी माणसे येऊन परक्यांची थकबाकी भरू लागली. खाते कुणाचे याच्याशी त्यांना देणेघेणे नव्हते. त्यात लहान मुलांच्या वस्तू असाव्यात, एवढेच बहुधा सांगितले जाई. इथे कुणी अर्ज केला नव्हता, कुणाची निवड झाली नव्हती, आणि खेळणी आईबापांनी स्वतःच पसंत करून त्यांचे काही हप्तेही भरलेले होते. शिवाय पुष्कळ दाते काही सेंट किंवा थोडेसे डॉलर मुद्दाम बाकी ठेवत. कारण अगदी रूक्ष होते : सगळी रक्कम फिटली तर ते खाते दुकानाच्या नोंदीतून निघून जाण्याची शक्यता होती. पण त्यामुळे शेवटचा हप्ता ग्राहकालाच भरावा लागे, आणि घरी मुलांना ‘ही मी आणली’ असे सांगताना त्याला खोटे बोलावे लागत नसे.