कॉकाटीलच्या आवाजांची वही, महिना सहावा

मंडळी, श्रावणात सुरू केलेली शंभर पानी वही काल संपली, म्हणून म्हटलं आता नीट बसून लिहून काढू. ज्यांनी आधीचं वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात, आमच्याकडे दोन कॉकाटील आहेत, म्हणजे डोक्यावर तुरा असलेले छोटे पोपट, गोट्या म्हणजे ग्रे, करड्या रंगाचा नर, सव्वा वर्षाचा, आणि चिंगी म्हणजे लुटिनो, पिवळसर पांढरी मादी, दोन वर्षांची. घर इंदिरानगरला, दुसरा मजला, गॅलरीसमोर कडुनिंब. हा कडुनिंब पुढे येणार आहे.

पहिले दोन आठवडे मी फक्त आवाज लिहीत होते, "ची-ऊ", "टुक टुक", "क्याँ", आणि हाती काहीच लागत नव्हतं कारण तोच "ची-ऊ" सकाळी दाणे टाकल्यावर पण आणि घंटागाडी आल्यावर पण. मग रकाने वाढवले, वेळ, आवाज, तुरा कसा होता, आणि चौथा रकाना म्हणजे आवाजाच्या आधीच्या एका मिनिटात घरात काय झालं. सगळं काम या चौथ्या रकान्यानं केलं. कोणी विचारलं ना की या आवाजाचा अर्थ काय, तर मी आता आधी विचारते, की त्याच्या जस्ट आधी काय झालं आणि तुरा कुठे होता. तुरा एकदम ताठ उभा असेल तर दचकलाय किंवा कशाकडे तरी लक्ष लागलंय, अर्धवट मागे झुकलेला म्हणजे निवांत, आणि डोक्याला चिकटवून सपाट केला की हात लांब ठेवायचा.

आता मुख्य गोष्ट, गोट्याचं ओरडणं. खालच्या मजल्यावरून तक्रार यायला लागली होती आणि सासूबाई म्हणायच्या याला भूक लागते, म्हणून त्या प्रत्येक वेळी राळ्याचं कणीस द्यायच्या. भाद्रपदातल्या एका आठवड्यात मी मोजलं, ४१ वेळा जोरात ओरडला, आणि त्यातल्या २९ वेळा कोणीतरी नुकतंच खोलीतून बाहेर गेलेलं होतं! भूक नाहीच, ही हाक आहे. हे पक्षी मूळचे ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या भागातले, पाण्याच्या आणि बियांच्या शोधात थव्यानं फिरणारे, आणि तिथे जो एकटा पडला त्याचं काही खरं नसतं, त्यामुळे नजरेआड झालेल्या सोबत्याला "मी इथे आहे, तू कुठे आहेस" असं सारखं विचारत राहणं त्यांच्या रक्तातच आहे. आपण किचनमध्ये गेलो की त्याच्या हिशोबानं थवाच उडून गेला.

हे कळल्यावर मला खरंच वाईट वाटलं, कारण आम्ही तोपर्यंत दोन गोष्टी करत होतो, एकतर "गप रे" म्हणून ओरडायचो नाहीतर पळत जायचो, आणि दोन्हीतून तो हेच शिकत होता की जोरात ओरडलं की माणूस येतो. मग ठरवलं, खोलीतून निघतानाच दोन सुरांची एक छोटी शीळ घालायची, खालून वर जाणारी, आणि त्याची पहिली हाक आली की लगेच तिथूनच तीच शीळ परत द्यायची, आवाज चढायच्या आत. चढला तर मात्र उत्तर नाही, जरा थांबला, श्वास घेतला की मग शीळ. घरातल्या सगळ्यांना हीच शीळ, लेकाला सुद्धा. पहिले दहा दिवस काही फरक नाही, उलट वाढलं, नवरा म्हणाला सोड आता. तिसऱ्या आठवड्यात मी भाकरी थापत होते आणि बाहेरून तीच दोन सुरांची शीळ आली, मला वाटलं लेक आलाय क्लासवरून, बघते तर गोट्या! हात पिठाचे तसेच ठेवून मी उत्तर दिलं आणि तो गप्प बसून पिसं साफ करायला लागला. गेल्या आठवड्यात जोरात ओरडणं १२ वेळा, आणि त्यातलं बरंचसं सकाळ संध्याकाळचं, ते राहणारच, उजाडताना आणि मावळताना थवा गलका करतोच, समोरून राघूंचा थवा गेला की आमचा पण सामील होतो.

चिंगीचं वेगळं. ती मुळात कमी बोलते, माद्या बऱ्याचदा अशाच असतात, शिट्ट्या आणि नकला हा जास्त करून नरांचा प्रांत. गोट्या घंटागाडीच्या गाण्याचे पहिले चार सूर काढतो आणि स्टीलच्या वाटीत स्वतःला बघून पंख खांद्यापासून जरासे उचलून चोच आपटत गातो, ते प्रेमाचं गाणं आहे, वाटीतल्या पक्ष्यासाठी. चिंगी मात्र ऑक्टोबरमध्ये अचानक बारीक आवाजात एकसारखं "चिक चिक चिक" करायला लागली, पुढून वाकून, शेपटी वर. मला वाटलं पोटात दुखतंय, डॉक्टरांकडे नेलं, ते म्हणाले दुखणं नाही, अंड्याचा सीझन आलाय. अंडी नकोत म्हणून कोपऱ्यातला पुठ्ठ्याचा खोका काढला, पाठीवरून हात फिरवणं बंद केलं, संध्याकाळी लवकर अंधार करून झोप वाढवली, कॅल्शियमसाठीचा समुद्रफेस कायम ठेवला. दोन आठवड्यांत आवाज बंद, अंडी नाही.

झोपताना चोचीचा करकर आवाज येतो ना, दोन खडे एकमेकांवर घासल्यासारखा, त्याला घाबरू नका. एक पाय पोटात, पिसं फुगलेली, डोळे मिटत आलेले आणि करकर, म्हणजे पक्षी समाधानी आहे. मी दिवसातला सगळ्यात आवडता आवाज म्हणून हाच लिहीन. घाबरायचं ते वेगळ्या आवाजाला, श्वासाबरोबर टिक टिक किंवा बारीक शिट्टीसारखं येत असेल आणि प्रत्येक श्वासाला शेपटी खालीवर होत असेल तर तो बोलत नाहीये, त्याला श्वास जड जातोय, त्याच दिवशी डॉक्टर. आपल्याकडे थंडीत खिडक्या बंद आणि आत धूप अगरबत्ती, ते आम्ही पक्ष्यांच्या खोलीत पूर्ण थांबवलं, नॉनस्टिक तवा तर घरातूनच गेला, तो जास्त तापला की त्याचा धूर पक्ष्यांना मारतो.

फुत्कार म्हणजे राग असं मी सहा महिन्यांपूर्वी इथेच लिहिलं होतं, ते दुरुस्त करते. वहीत फुत्काराच्या १७ नोंदी आहेत आणि जवळपास सगळ्यांच्या आधी कोणीतरी हात अचानक आत घातलाय किंवा पाहुण्याचं पोर पिंजऱ्याला नाक लावून उभं आहे. ती भीती आहे, पळायला जागा नसलेल्याची. एक पाऊल मागे सरकलं की थांबतो.

आणि आता कडुनिंब. संक्रांतीला आमच्या सोसायटीवर सकाळपासून पतंग. नऊच्या सुमारास एक पतंग गॅलरीवरून खाली आला आणि गोट्यानं एकच तीक्ष्ण "क्याँ" काढलं, त्यानंतर दोघं चूप. अंग बारीक करून, तुरे ताठ, एका डोळ्यानं आकाशाकडे बघत, दहा मिनिटं हललेसुद्धा नाहीत. हीच शांतता माझ्या वहीत नोव्हेंबरमध्ये दोनदा होती आणि कारणाच्या रकान्यात मी "माहीत नाही" लिहिलेलं. संक्रांतीनंतर मी कडुनिंबावर लक्ष ठेवलं आणि पुढच्याच आठवड्यात तशीच शांतता पडली, वर बघितलं तर फांदीवर शिक्रा, छोटे पक्षी मारून खाणारा शिकारी पक्षी, बसलेला. म्हणजे शांतता पण लिहायला हवी होती, कावळे चिमण्या पण त्या वेळी गप्प होतात हे आता माझ्या लक्षात येतंय. आता गॅलरीच्या त्या बाजूला पिंजऱ्यावर अर्धा पडदा असतो, लपायला जागा मिळाली की ते लवकर सावरतात. रात्री झिरोचा बल्ब पण चालू असतो, कारण चिंगी दोनदा मध्यरात्री अंधारात फडफडून पंख आपटून घेतलेली, आणि तेव्हा लाईट लावायच्या आधी हळू आवाजात तिच्याशी बोलायचं, हे आम्ही शिकलो.

एक आवाज अजून सुटलेला नाही. दुपारी दोन तीनच्या मध्ये गोट्या डोळे अर्धे मिटून, चोच जवळपास बंद ठेवून, अगदी हळू काहीतरी पुटपुटतो, छाती नुसती थरथरते. आवाज त्यांचा श्वासनळी जिथे दोन फाट्यांत वाटली जाते तिथून निघतो, त्यामुळे चोच फारशी उघडायची गरजच नसते. त्या पुटपुटण्यात घंटागाडी, आमची शीळ आणि कुकर यांचे तुकडे उलटसुलट येतात, मला वाटतं तो सराव करतो. फोन जवळ नेला की थांबतो म्हणून आता पिंजऱ्यामागच्या कपाटावर आधीच रेकॉर्डिंग लावून ठेवतेय. कोकीळ अजून सुरू झालेली नाही, ती सुरू व्हायच्या आधीचे पंधरा दिवस आणि नंतरचे पंधरा दिवस असं वेगळं ठेवायचंय, तिचा सूर पुटपुटण्यात कधी येतो ते बघायला. नवी वही दोनशे पानी घेतलीय.