दिवाळीच्या कार्डासाठी मराठी शिक्का: शाई, कागद आणि सरळ शिरोरेषा

'हॅपी बर्थडे'चे स्टॅम्प कुठल्याही क्राफ्टच्या दुकानात ढीगभर मिळतात. 'दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा' मात्र शोधत बसावं लागतं, आणि सापडलं तरी अक्षर मनासारखं नसतं. त्यापेक्षा शिक्का बनवून घेतलेला बरा. सोसायट्यांच्या अध्यक्ष-सचिवांचे शिक्के करून देणारा कोणताही शिक्केवाला हे काम करतो. त्याला फक्त दोन गोष्टी बजावून सांगायच्या. पहिली, शाई आतच भरलेला प्री-इंक शिक्का नको, साधा मुठीचा हवा. प्री-इंक घेतला की एकाच रंगाला आणि एकाच शाईला बांधले जाता. दुसरी, अक्षर आपण देऊ तेच वापरायचं.

ते अक्षर जाड आणि मोकळं निवडा. देवनागरीत सगळ्यात आधी शाईने भरून जातात त्या बारीक पोकळ्या: 'शुभेच्छा'मधला 'च्छ', 'भ'ची गाठ. 'हार्दिक'मधला रफार शेजारच्या वेलांटीला चिकटतो तो वेगळाच. मजकूर दोन ओळींत, साधारण ६० मिमी रुंदीत बसवला आणि सर्वांत लहान फट निदान अर्धा मिमी ठेवली तर ठसा स्वच्छ येतो. संगणकाच्या पडद्यावर अक्षर मोठं दिसतं, म्हणून फसू नका. खऱ्या मापात छापून बघा आणि मगच द्या.

छोट्या चित्रांना, म्हणजे पणती, आकाशकंदील, तोरणाचं पान, यांना शिक्केवाल्याची गरज नाही. मऊ पांढरं खोडरबर पुरतं. ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलने चित्र काढा, तो कागद खोडरबरावर पालथा ठेवा आणि नखाने घासा. चित्र आपोआप उलटं उतरतं, त्यामुळे ठसा सुलटा येतो. कोरताना लिनो कटरचं (म्हणजे ठसे कोरायच्या हत्याराचं) सगळ्यात बारीक पातं घ्या आणि ते रेषेपासून बाहेरच्या बाजूला उताराने चालवा. पातं रेषेच्या खाली शिरलं की रेष पोकळ होते, दाब पडला की वाकते आणि ठशाला दुहेरी कडा येते. कोरलेले खोडरबर प्लॅस्टिकच्या डबीत किंवा पारदर्शक स्टॅम्पांसोबत ठेवू नका. खोडरबरातलं मऊ करणारं द्रव्य प्लॅस्टिकला चिकटतं आणि खातंही. कागदात गुंडाळून ठेवा.

कागदाचं गणित सोपं आहे. २५० ते ३०० जीएसएमचा (म्हणजे दर चौरस मीटरला इतक्या ग्रॅम वजनाचा) ए-४ कागद आडवा मधोमध कापला की १४८ × २१० मिमीचे दोन तुकडे होतात. १०५ मिमीवर घडी घातली की कार्ड तयार, आणि ते ११४ × १६२ मिमीच्या पाकिटात सहज जातं. घडीच्या आधी रिफिल संपलेल्या बॉलपेनने स्टीलच्या पट्टीलगत खाच पाडा. तरीही घडीवर कागद फाटल्यासारखा दिसला तर घडी तंतूंच्या आडवी पडली आहे. कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहा. ज्या बाजूने मऊ वाकतो, तिकडेच घडी घालायची.

ठसा थेट कार्डावर मारू नये. ९५ × १३८ मिमीच्या वेगळ्या गुळगुळीत तुकड्यावर मारून तो चिकटवावा. एका ए-४मधून असे चार तुकडे निघतात, आणि बिघडला तर तुकडा जातो, अख्खं कार्ड नाही. चिकटवायला दुहेरी टेप वापरा. पांढऱ्या गोंदात पाणी असतं, तुकड्याला लाटा येतात. कापसाच्या चिंध्यांचा हातकागद दिसायला देखणा, पण खडबडीत. त्यावर जाड रेषेची चित्रं घ्यावीत, बारीक मजकूर तुटक येतो.

आता शाई. बहुतेक कार्डं इथेच बिघडतात. ऑफिसचं जांभळं स्टॅम्प पॅड बिलावर ठीक. कार्डावर ते फुटतं, पाण्याच्या थेंबाने पसरतं आणि चकचकीत कागदावर वाळतच नाही. डाय इंक कागदात मुरते, मिनिटभरात वाळते, पण उन्हात फिकी पडते. पिगमेंट इंक कागदाच्या वर बसते: रंग दाट, अक्षर धारदार, मात्र वाळायला वेळ. मुंबई-कोकणात पावसाळी हवेत ती रात्रभर ओलसर राहू शकते, तेव्हा कार्डांचा गठ्ठा लगेच रचू नका. मजकुरासाठी आमची पसंती पिगमेंटलाच. ठशावर नंतर वॉटर कलर भरायचा असेल तर पाण्याने न सुटणारी शाई मागून घ्या.

स्टॅम्प पॅडवर दाबायचा नाही. पॅड हातात घेऊन स्टॅम्पवर हलकेच टपटप करायचं. दाबलं की शाई खोबणीत उतरते आणि ठशाभोवती डाग उमटतात. दोन रंग हवे असतील तर आधी फिका, मग टोकाला गडद. उलट केलंत तर फिकं पॅड कायमचं मळतं. मुठीच्या स्टॅम्पला रबराखाली फोमची गादी असेल तर टेबल कडक हवं. ॲक्रिलिक ठोकळ्यावर लावायचा पारदर्शक स्टॅम्प मारताना मात्र कागदाखाली पातळ फोम घाला, नाहीतर मधला भाग पुसट येतो. उभं राहून, सरळ खाली दाबा. डोलवलंत की कडा दिसतात. नव्या पारदर्शक स्टॅम्पवर शाईचे थेंब साचत असतील तर पृष्ठभागावर खोडरबर घासा, मग शाई सारखी बसते.

मराठी मजकुराची खरी परीक्षा शिरोरेषा घेते. रोमन अक्षरं अर्धा अंश कलली तर खपून जातं. इथे वरची रेघच सगळं उघड करते. उपाय जुना आणि बिनखर्चाचा. जाड पुठ्ठ्याचा इंग्रजी L सारखा काटकोनी कोपरा कापा. त्याच्या आतल्या कोनात ट्रेसिंग पेपरचा कोपरा बसवा, स्टॅम्पचा ठोकळा त्याच कोनाला टेकवून ट्रेसिंगवर ठसा घ्या. तो ट्रेसिंग कार्डावर हवा तिथे सरकवून शिरोरेषा कडेला समांतर करा, काटकोन पुन्हा त्याच्या कोपऱ्याला लावा, ट्रेसिंग काढून घ्या आणि स्टॅम्प काटकोनाला टेकवून मारा. ठसा तिथेच पडतो. यासाठी ठोकळ्याच्या कडा सरळ हव्यात. गोल मुठीच्या शिक्क्याला रबर काढून चौकोनी लाकडावर चिकटवावं लागतं.

सोनेरी उठावदार अक्षरांसाठी पिगमेंट ठसा ओला असतानाच एम्बॉसिंग पावडर (उष्णतेने वितळून अक्षराला उठाव देणारी भुकटी) टाकायची, झटकायची आणि हीट गनने वितळवायची. ठसा मारण्याआधी कागदावर टाल्कम पावडरची पुरचुंडी फिरवा, नाहीतर स्थिर विजेमुळे सोनेरी कण जागोजागी चिकटतात. हेअर ड्रायर चालत नाही: उष्णता कमी, वारा जास्त, पावडर उडूनच जाते. अक्षर चकाकलं की लगेच थांबा. जास्त तापलं तर पावडर कागदात मुरते आणि कडेला तेलकट डाग पडतो.